मदत हवी आहे: ऑटोथ्रॉटल चालू असूनही चढताना वेग पडतो

म्हापशेकर: संगणकावर मोपा (गोवा) ते मुंबई विमान उडवतोय. ऑटोपायलट चालू, ऑटोथ्रॉटल (इंजिनाची ताकद आपोआप कमीजास्त करणारं) चालू, वेग २८० नॉट लावलाय. तरी वर जाता जाता २६०, २४० असा उतरतच राहतो आणि शेवटी स्टॉलचा (पंखांचा आधार सुटण्याचा) इशारा. वेग सांभाळणं ऑटोथ्रॉटलचंच काम ना? लवकर सांगा, रात्री मित्रांबरोबर उडायचंय.

फोंडेकर: विमान कुठलं? मोड कुठला? किती उंचीवर? काहीच लिहिलेलं नाही.

धावपट्टीवाला: थ्रस्ट लिव्हर (इंजिनाची ताकद ठरवणारे दांडे) सीएलच्या, म्हणजे चढाईच्या खाचेत ठेव, सुटेल प्रश्न. माझा असाच सुटला होता.

फोंडेकर: ते एअरबसचं! तो एअरबस म्हणालाय कुठे? त्यात लिव्हर खाचेत बसून राहतात, ताकद आतल्या आत बदलते. बोइंगमध्ये मोटर लिव्हर हलवते, हाताला कळतं. म्हणून बोइंगच बरं.

धावपट्टीवाला: २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोला ७७७ पडलं, तेव्हा कुणाच्या हाताला कळलं? लिव्हर आयडलला (सगळ्यात कमी ताकदीवर), ऑटोथ्रॉटल होल्डमध्ये (लिव्हर न हलवता गप्प), वेगाकडे बघायला कोणी नाही.

फोंडेकर: आणि १९९० साली बंगळूरला ए३२०? ओपन डिसेंटमध्ये (खाली उतरायच्या एका मोडमध्ये) इंजिनं आयडलवर, वेग गळत गेला. ९२ माणसं गेली.

मांडवीकाठ: चवथीला यायचंय, घर मडगावला. तिकीट मोपाचं काढू की दाबोळीचं?

म्हापशेकर: अहो, माझं काय? ७३७-८००. व्हीएस (व्हर्टिकल स्पीड) मोड, मिनिटाला ३००० फूट. वीस हजार फुटांनंतर वेग पडतो. लिव्हर पुढेच आहेत. टाक्या फुल्ल.

फोंडेकर: मुंबईला जायला फुल्ल टाक्या?

निवृत्त तंत्रज्ञ: हे पहिल्यांदाच लिहायचं होतंस. कोणी काय सांभाळायचं, ते मोडवर ठरतं रे. व्हीएसमध्ये तू ऑटोपायलटला चढण्याचा दर दिलास. तो एलिव्हेटरने (शेपटीच्या हलत्या आडव्या पट्टीने) नाक उचलून तेवढाच दर धरणार. वेग उरला ऑटोथ्रॉटलकडे, पण वर हवा विरळ, इंजिनाचा जोर कमी, त्यात तुझं वजन. लिव्हर मर्यादेला टेकले की त्याच्या हातात काही उरत नाही. चोर्ला घाटात डबलसीट स्कूटरचा कान पूर्ण पिळूनही वेग उतरतो, तसंच.

लेव्हल चेंज दाब. मग वाटणी उलटते: ऑटोथ्रॉटल चढाईची ताकद लावून ठेवतो, आणि ऑटोपायलट नाक वरखाली करून वेग धरतो. दर मिळेल तेवढा. समोरच्या पडद्यावर सगळ्यात वर एफएमएची (चालू मोड दाखवणारी) ओळ असते, तिथे डावीकडे एन१ (चढाईच्या ताकदीचा मोड) आलं का बघ. बटणाच्या दिव्यावर विसंबू नकोस. ग्लाइडस्लोपवर (धावपट्टीकडे उतरायच्या ठरलेल्या उतारावर) मात्र पुन्हा मार्ग ऑटोपायलटकडे, वेग ऑटोथ्रॉटलकडे.

धावपट्टीवाला: एअरबसमध्ये हेच ओपन क्लाइंब.

फोंडेकर: विचारलं कोणी?

म्हापशेकर: २८० धरला! पण आता चढतं जेमतेम पंधराशेने. व्हीनॅव्ह (विमानाच्या संगणकाने आखलेली उंची-वेग धरणारा मोड) लावू का?

निवृत्त तंत्रज्ञ: लाव, पण चढताना तेही बहुतेक हेच करतं. इंजिन काही नवं देणार नाही.

फोंडेकर: आधी टाक्या अर्ध्या कर, बाबा.

निवृत्त तंत्रज्ञ: मांडवीकाठ, मडगावला दाबोळीच जवळ. मोपा पार पेडण्यात.

मांडवीकाठ: धन्यवाद. दाबोळीहून मडगावला टॅक्सी किती घेतात हल्ली?