जर्मनीतल्या ग्योटिंगनमधला शेवटचा वसंत: प्रवास करू की इथेच राहू?

मूळची_कराडची:
प्रबंध जमा झाला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात फ्रँकफुर्टहून मुंबईचं विमान आहे. सगळे म्हणतात, प्राग कर, पॅरिस कर, पुन्हा कधी येणार आहेस? पण माझा पायच निघत नाही. लॅब, लायब्ररी आणि मेन्सा (विद्यापीठाची खानावळ) यातच दिवस गेले. आता कुठे संध्याकाळी जुन्या तटावरून गावाला पूर्ण फेरी मारतेय. दोन्ही बाजूंच्या लिंडनना कोवळी पालवी आलीय, साडेआठपर्यंत उजेड असतो, आणि मला हे गाव फार आवडायला लागलंय. इथे राहून गेलेल्यांनो, तुम्ही हे दिवस कसे घालवले असते? निघण्याआधीची कुठली कामं विसरू नयेत, तेही सांगा.

हानोफरचा_काका:
आधी कामं. आबमेल्डुंग, म्हणजे इथला पत्ता सोडत असल्याची सरकारी नोंद, घर सोडायच्या फार तर आठवडाभर आधी करता येतं, त्याआधी घेत नाहीत. त्याचा कागद जपून ठेव. रेडिओ-टीव्हीचे महिन्याला १८.३६ युरो तुझ्या नावावर जात असतील, तर ते बंद करायला तोच लागतो. बँकेचं खातं मात्र लगेच बंद करू नकोस. घराचं डिपॉझिट यायला काही महिने लागू शकतात. बाकी प्राग कुठे जात नाही, बाळा.

संस्कृतवाली:
ताई, श्टाडफ्रीडहोफला नक्की जा. दफनभूमी म्हणून टाळू नकोस, मोठ्या झाडांची शांत बाग आहे ती. प्लांक, हान, लाउए धरून आठ नोबेलविजेते तिथे आहेत. भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न यांच्या दगडावर त्यांचं सूत्र कोरलंय. हेच बोर्न १९३५-३६ मध्ये बंगळुरूला रामन यांच्याकडे होते. गणिती हिल्बर्टच्या दगडावर लिहिलंय, ‘आपल्याला कळलंच पाहिजे, आपल्याला कळेलच.’ मी तिथे बराच वेळ उभी होते.

आणि आपल्या पुण्याचा धागा: डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे फ्रान्झ कीलहॉर्न १८८२ पासून १९०८ साली निधन होईपर्यंत ग्योटिंगनला प्राध्यापक होते. रा. गो. भांडारकरांना १८८५ मध्ये याच विद्यापीठाने डॉक्टरेट दिली. इथे शिकताना मला याचा फार आधार वाटायचा.

बेअरलाउखप्रेमी:
गावाच्या पूर्वेच्या जंगलात जा! बीचच्या झाडांखाली बेअरलाउखची, म्हणजे रानलसणीची, हिरवी जाजमं पसरलेली असतात, लसणीचा वास लांबूनच येतो. मी थालीपिठात घालायचो, अप्रतिम लागतं. पण माहितगाराला सोबत ने. लिली ऑफ द व्हॅलीची पानं अगदी तशीच दिसतात आणि ती विषारी असतात. एकेक पान चोळून वास बघ, शंका आली तर सोडून दे.

मूळची_कराडची:
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रागचा बेत रद्द. शनिवारी श्टाडफ्रीडहोफ, रविवारी लॅबमधल्या मैत्रिणीबरोबर जंगल. ती इथलीच आहे, तिला पानं ओळखता येतात. पुढच्या आठवड्यात आमच्या एका सीनियरचा पीएचडीचा व्हायवा आहे. तो झाला की गेन्झेलीझेल या मुलीच्या पुतळ्याच्या कारंज्यावर चढून, फुलं वाहून तिचा मुका घ्यायचा, ही इथली रीत. त्या गर्दीत मला असायचंच आहे.

@काका, आबमेल्डुंगची वेळ आजच घेतली. आणि हिवाळी सत्राला कोणी इथे येणार असेल तर कळवा: माझा पाच लिटरचा कुकर, पोळपाट-लाटणं आणि सायकल मैत्रिणीकडे ठेवून जातेय. पैसे नकोत.