ऋण दशांश संख्यांचा गुणाकार : ०.००१ कुठून आले?

प्रश्न

माझा मुलगा सातवीत आहे. (−१.२५) × (−०.८) या उदाहरणाचे उत्तर त्याने काल −०.००१ असे काढले. ‘वजा गुणिले वजा अधिक’ हे मी शाळेत पाठ केलेले असल्यामुळे चिन्ह चुकल्याचे लक्षात आले. पण तसे का, हे त्याने विचारल्यावर मला सांगता येईना. ऋण म्हणजे कर्ज असेल, तर कर्जाला कर्जाने गुणून पैसे कसे मिळतील, असे तो विचारतो. अंकांबाबत तर माझाच गोंधळ उडाला आहे, कारण दशांश स्थळे त्याने बरोबर मोजली आहेत : पहिल्या संख्येत दोन, दुसरीत एक, एकूण तीन. मग चुकले कुठे?

उत्तर १

१२५ × ८ = १००० हे त्याला बरोबर आले असणार. शेवटची शून्ये बिनकामाची समजून त्याने ती दशांशचिन्ह देण्याआधीच खोडली असावीत आणि उरलेल्या १ वर तीन स्थळे मोजली असावीत. वर्गात ही चूक मी दरवर्षी पाहतो. शून्ये खोडायचीच असतील तर ती दशांशचिन्ह दिल्यानंतर, म्हणजे आधी १.००० आणि मग १. स्थळांची बेरीज का करायची, हेही त्याला अपूर्णांक मांडून दाखवा. १.२५ म्हणजे १२५/१०० आणि ०.८ म्हणजे ८/१०. छेदांचा गुणाकार १००० आणि अंशांचाही १०००, म्हणून उत्तर १. अंशातील शून्ये आधीच पुसली, तर अंश हजारपटीने लहान होतो.

चिन्हाचे काम मात्र अंकांना हात लावण्यापूर्वीच उरकावे. गुणल्या जाणाऱ्या संख्यांमध्ये ऋण संख्या किती आहेत ते मोजावे. ती मोजणी सम असेल तर उत्तर धन, विषम असेल तर ऋण. (त्यांत एखादे शून्य असेल तर सगळाच प्रश्न मिटला.)

उत्तर २

मुलाची शंका रास्त आहे. रुपयांना रुपयांनी गुणण्याला अर्थ नाही, त्यामुळे दोन्ही संख्यांना कर्ज मानले की उदाहरण फसते. त्याऐवजी पाण्याची टाकी घ्यावी. तोटी सुरू असून पातळी दर मिनिटाला १.२५ सेंटीमीटरने खाली जात आहे, म्हणून बदलाचा दर −१.२५. आतापासून ०.८ मिनिट आधीची वेळ म्हणजे −०.८. त्या वेळी पातळी आत्तापेक्षा १ सेंटीमीटर वर होती, म्हणजे गुणाकार +१.

त्याला पुरावाच हवा असेल, तर (−१.२५) × [०.८ + (−०.८)] असे मांडावे. कंसात शून्य असल्यामुळे संपूर्ण गुणाकार शून्य झाला पाहिजे. कंस सोडवल्यावर पहिला भाग −१ येतो. मग दुसरा +१ असल्याशिवाय बेरीज शून्य होणार नाही. धन आणि ऋण हे शब्द मात्र खरोखरच मालमत्ता आणि कर्ज यांवरून आले आहेत. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त याच शब्दांत चिन्हांचे नियम दिले, आणि दोन ऋणांचा गुणाकार धन असतो हा नियमही त्यांत आहे.

उत्तर ३

स्थळे मोजण्यावर माझा फारसा भरवसा नाही. आधी अंदाज बांधावा असे माझे मत आहे. ०.८ ही संख्या एकापेक्षा थोडीच लहान आहे, त्यामुळे तिने गुणल्यावर १.२५ थोडेच कमी होणार. ते एकदम एक हजारांशावर येऊच शकत नाही. आमच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी (म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीड यांचे पाढे) पाठ असल्यामुळे हा अंदाज आपोआप येत असे : सवायकीत आठाच्या ओळीला दहा, म्हणून आठ दशांशाला एक. पाढे आता कुणी म्हणवून घेत नाही, तरी सवायकी तेवढी त्याला शिकवावी.

प्रश्नकर्ती

वही उघडून पाहिली. १००० मधील तीन शून्ये रबराने पुसल्याचे ठसे स्पष्ट दिसत आहेत. टाकीचे उदाहरण त्याला पटले. मात्र त्यानंतर (−०.३) × ०.२ याचे उत्तर त्याने −०.६ लिहिले आहे, आणि येथे तर पुसण्यासारखे शून्यच नव्हते.

उत्तर १

येथे ते पुसायचे नसून लिहायचे आहे. ३ × २ = ६ हा एकच अंक आणि स्थळे मात्र दोन, म्हणून सहाच्या डावीकडे शून्य देऊन −०.०६. ०.३ चा पाचवा भाग ०.३ पेक्षा मोठा कसा आला, एवढेच त्याला विचारा.