दोन मिनिटांच्या ओपीडीत आहाराचं काय सांगायचं?

रुग्णामागे दोन मिनिटं मिळतात, आहाराचं बोलणं आहारतज्ज्ञाचं काम, असं काही डॉक्टर म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. तालुक्याच्या गावी आहारतज्ज्ञ आणायचा कुठून?

माझा अनुभव असा की छापील तक्ता हाती देऊन काही होत नाही. त्यात ओट्स अन् सफरचंद असतं! त्यापेक्षा ‘काल रात्री काय जेवलात?’ एवढंच विचारावं. रक्त कमी असलेली बाई सांगते, ‘भाकर अन् वरण, मंग चहा.’ झालं, सल्ला तिथंच सापडला. जेवणाला लागून चहा घेतला तर अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. चहा तासभर लांबवा, वरणावर लिंबू पिळा. पैसा लागत नाही, म्हणून ऐकतातही. लोहाच्या गोळीलाही हाच नियम.

मधुमेहात मात्र प्रदेश पाहावा लागतो. भंडारा-गोंदियाच्या माणसाला ‘भात बंद’ म्हटलं की तो पुढच्या खेपेला येतच नाही. अर्धं ताट भाजी, पाव ताट वरण-उसळ, उरलेल्या पावात भात, हे तो निदान करून पाहतो. रक्तदाबवाल्याला दिवसाला 5 ग्रॅम मीठ सांगताना लोणचं-पापडही त्यातच धरा.

आणि आपल्या विदर्भात रक्त कमी दिसलं की आधी सिकलसेलची, म्हणजे तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची, तपासणी. तो निघाला, तर लोहाची कमतरता सिद्ध झाल्याशिवाय लोहाच्या गोळ्या नकोत. फॉलिक अ‍ॅसिड आणि भरपूर पाणी सांगा, विशेषतः उन्हाळ्यात शेतात जाणाऱ्यांना.