‘सखोल बहुरंगी सर्वेक्षण’ : अर्थ आणि वापर

प्रश्न : दूरच्या दीर्घिकांच्या सूचींविषयी वाचताना ‘सखोल बहुरंगी आकाश-सर्वेक्षण’ असा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. ‘सखोल चौकशी’मध्ये असतो तोच अर्थ येथे घ्यावा काय? शिवाय काळ्या आकाशाच्या सर्वेक्षणाला बहुरंगी का म्हणावे?

प्रतिसाद : चौकशीतला अर्थ येथे लावल्यास फसगत होते. येथे खोली म्हणजे कसून केलेले काम नव्हे, तर किती मंद प्रकाशाची वस्तू टिपता आली त्याची मर्यादा. स्लोन या आकाश-सर्वेक्षणाने आकाशाचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग पाच फिल्टरांतून (ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश जाऊ देणाऱ्या काचांतून) काटेकोरपणे मोजला, तरी हबल दुर्बिणीने डिसेंबर 1995 मध्ये सप्तर्षीतील एका इवल्याशा तुकड्यावर सलग दहा दिवस रोखलेल्या नजरेपुढे ते उथळच ठरते. ही खोली ‘प्रती’त, म्हणजे तेजस्वितेच्या मापात, सांगतात. नुसत्या डोळ्यांना साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, तर हबलचे ते चित्र जवळजवळ तिसाव्या प्रतीपर्यंत पोहोचले आणि त्यात सुमारे 3,000 दीर्घिका सापडल्या. आकडा वाढला की वस्तू मंद होते, म्हणजे बाजारातल्या ‘उंची प्रती’चा हिशेब येथे उलटा आहे.

‘रंग’ हाही येथे मोजमापाचा शब्द आहे : दोन फिल्टरांतून मोजलेल्या प्रतींमधील फरक म्हणजे त्या वस्तूचा रंग. इतक्या मंद दीर्घिकांपैकी प्रत्येकीचा वर्णपट (प्रकाशाची तरंगलांबीनुसार फोड) घेणे मोठ्या दुर्बिणींनाही परवडत नाही, म्हणून रंगांवरून ताम्रसृतीचा (दूरच्या दीर्घिकेच्या प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली त्या मापाचा), आणि तिच्यावरून अंतराचा, अंदाज बांधतात. हायड्रोजन वायू 91.2 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश गिळून टाकतो. तरंगलांबी ताम्रसृतीपेक्षा एकाने अधिक पट होते, म्हणून ताम्रसृती 3 असेल तर ही सीमा चौपट होऊन सुमारे 365 नॅनोमीटरवर येते, त्यामुळे हिरव्या आणि तांबड्या फिल्टरांत स्वच्छ दिसणारी दीर्घिका अतिनील फिल्टरमधून चक्क नाहीशी होते. अशा दीर्घिकांना ‘ड्रॉपआउट’ म्हणतात. खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स स्टायडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये हवाईतील केक दुर्बिणीने वर्णपट घेऊन ही युक्ती खरी असल्याचे दाखवले.

पूरक प्रश्न : मग रंगावरून काढलेले अंतर ‘मोजलेले’ म्हणावे की ‘अंदाजी’?

प्रतिसाद : ‘अंदाजी’च म्हणावे. जुन्या ताऱ्यांच्या दीर्घिकेचा प्रकाश 400 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीला एकदम घसरतो, आणि ही घसरण हायड्रोजनची समजली गेली तर जवळची दीर्घिका सूचीत फार दूरची म्हणून नोंदली जाते. चिलीतील ला सिया येथील 2.2 मीटर दुर्बिणीवरून झालेल्या ‘कॉम्बो-17’ सर्वेक्षणाने सतरा फिल्टर वापरले ते अशी गफलत कमी व्हावी म्हणूनच. मराठीत मी स्वतः ‘सखोल’ टाळून नुसते ‘खोल सर्वेक्षण’ लिहितो, कारण ‘उथळ’ हा त्याचा विरुद्धार्थी शब्द मग आपोआप जागेवर बसतो.