शब्दचर्चा: नव्याच्या सणाचे पहिले घास, यांना मराठीत म्हणायचं काय?

ठाणेकरीण
आमच्या इमारतीत एक बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंब राहतं. यंदा रोश हशानाच्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या, संध्याकाळी त्यांच्याकडे आम्हा पंधरावीस शेजाऱ्यांना बोलावणं आहे. घरातल्या मावशी पंचाहत्तरीच्या पुढच्या. त्यांनी माझ्यावर काम सोपवलंय: प्रत्येक वाटीपुढे मराठीत चिठ्ठी लिहून ठेवायची आणि सगळ्यांच्या वर एक मथळा द्यायचा. जेवणाआधी सफरचंद आणि मध, खजूर, डाळिंब, चवळी, दुधी, बीट असं थोडं थोडं फिरणार आहे. मी 'स्टार्टर' लिहिलं, तर मावशी म्हणाल्या, "अगं, घरी आलेल्या माणसांना हॉटेलातला शब्द कशाला?" 'क्षुधावर्धक' म्हटलं की औषधच डोळ्यांपुढे येतं. 'तोंडीलावणं' चालेल का?

शब्दवेल्हाळ
ताई, तोंडीलावणं नको. ते जेवणासोबत असतं: लोणचं, चटणी, पापड. हे घास जेवणाच्या आधी येतात, आणि भूक वाढवणं हे त्यांचं कामच नाही. हिब्रूत त्यांना 'सिमानिम' म्हणतात. एकवचन 'सिमान', म्हणजे खूण, चिन्ह.

मूळ आहे बाबिली तालमुद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात. अबाये नावाचे चौथ्या शतकातले पंडित म्हणतात की, खुणेला अर्थ असतो हे एकदा मान्य केलं, तर माणसाने वर्षारंभी पाच गोष्टींची सवय ठेवावी: करा, रुबिया, करती, सिल्का आणि तमर. हे वचन दोन ठिकाणी येतं. एका ठिकाणी या गोष्टी 'खाव्यात' असं आहे, दुसऱ्या ठिकाणी 'पाहाव्यात'. नुसतं पाहूनही चालत असेल, तर भुकेशी जोडलेला कुठलाही शब्द इथे चुकीचाच ठरतो.

पुढे प्रत्येक नावाला एक छोटी प्रार्थना जोडली गेली, आणि ती जोडली ध्वनीवरून. तमर म्हणजे खजूर, आणि 'यित्तम्मू' म्हणजे संपोत (वैरी). सिल्का म्हणजे बीटच्या जातीची पालेभाजी, त्यावरून 'यिस्तल्कू', दूर होवोत. करती म्हणजे लीक, कांद्याच्या कुळातली पातीची भाजी, त्यावरून 'यिक्कारतू', छाटले जावोत. करा म्हणजे दुधीभोपळ्याच्या कुळातलं फळ, आणि त्याला दोन क्रियापदं लागू पडतात: वाईट निवाडा 'फाडला' जावो आणि आमची पुण्यं 'वाचली' जावोत. म्हणजे ताटात प्रत्यक्षात श्लेष वाढलेले असतात. चिठ्ठीवर नुसतं 'दुधी' लिहिलं तर पाहुण्याच्या हाती फक्त भाजी लागेल. शेजारी तो मूळ शब्द आणि अर्थ द्याच.

मेथीदाणा
रुबिया राहिली की! ती मोठी गमतीची आहे. 'यिर्बू', म्हणजे वाढोत (आमची पुण्यं), याच्याशी ती जोडलेली. पण रुबिया म्हणजे नक्की काय? अकराव्या शतकातले फ्रान्सचे भाष्यकार राशी म्हणतात, मेथी. सेफार्दी (मूळच्या स्पेनकडच्या) आणि अरबी मुलखांतल्या ज्यूंनी ती चवळी मानली, कारण अरबीत चवळीला 'लुबिया'. हाच शब्द हिंदीत लोबिया झाला. आपण चवळी म्हणतो म्हणून नातं पटकन दिसत नाही, इतकंच.

आणि यिद्दिश बोलणाऱ्या, म्हणजे पूर्व युरोपाकडच्या, ज्यूंनी काय केलं पाहा. त्यांच्या भाषेत 'मेरन' म्हणजे गाजरं आणि 'मेरन' म्हणजेच वाढणं. मग वाढीची खूण म्हणून त्यांच्या ताटात गाजर आलं. भाषा बदलली तशी भाजी बदलली! शब्दांच्या जोरावर स्वयंपाक ठरल्याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

अष्टमीकर
मी बेने इस्राएल, कोकणातला. आमच्या जुन्या माणसांनी सणांना मराठी नावं दिली होती. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. योम किप्पुर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, तो दरफाळणीचा सण, म्हणजे दारं लावून घेण्याचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. तिशा बाव, म्हणजे यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास, तो बिरड्याचा सण, कारण त्या वेळी वालाचं बिरडं होई. ताई, मथळ्यात 'नव्याचा सण' जरूर लिहा, मावशींना फार बरं वाटेल.

दोन शब्दांबद्दल सांगतो, कारण तिथे हमखास घोळ होतो. पहिला 'चिकाचा हलवा'. नव्याच्या सणाला तो आमच्याकडे असतोच. बाहेरच्या माणसाला चीक म्हटलं की खरवसाचा चीक आठवतो. हा चीक गव्हाचा, कुरडयांसाठी काढतात तसा, आणि तो शिजतो नारळाच्या दुधात. मटणाच्या जेवणात गाई-म्हशीचं दूध चालत नाही, म्हणून नारळ. चिठ्ठीवर 'गव्हाच्या चिकाचा हलवा, नारळाच्या दुधातला' असं पूर्ण लिहा.

दुसरा 'मलिदा'. फारसीत 'मालीदन' म्हणजे चोळणं, कुस्करणं. इतर मराठी घरांत मलिदा म्हणजे कुस्करलेली पोळी, गूळ, तूप. आमचा मलिदा भिजवलेल्या पोह्यांचा: खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, आणि भोवती फळं. एलियाहू हन्नबींची, म्हणजे प्रेषित एलियाची, आठवण काढून, प्रत्येक प्रकारच्या फळावर वेगळा आशीर्वाद म्हणून मग तो वाटतात. लग्नाआधी, नवस फेडताना, घरात चांगलं काही घडलं की मलिदा होतो. वर्तमानपत्रात 'मलिदा लाटला' वाचतो तेव्हा मला खरंच टोचतं. शब्दकोशात लाचेच्या अर्थाशेजारी हाही अर्थ यायला हवा.

शब्दवेल्हाळ
दादा, 'दरफाळणी' मी आज पहिल्यांदा वाचला. वहीत टिपून ठेवला.

कापूसवात
थोडं अवांतर. पेसाहच्या (ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या) जेवणात सुरुवातीला मिठाच्या पाण्यात बुडवून खातात त्या पालेभाजीला 'कर्पास' म्हणतात. हा आपला संस्कृत कर्पास, म्हणजे कापूसच ना?

मेथीदाणा
अर्धं बरोबर. बायबलातल्या एस्तेरच्या पुस्तकात राजवाड्यातल्या पडद्यांच्या वर्णनात 'कर्पास' येतो, तो कापडाचा, आणि तो नक्की आपल्या कर्पासाचा नातलग. भाजीचा कर्पास वेगळा. तो अरबी-फारसी 'करफ्स'च्या, म्हणजे सेलरीच्या घरचा. उच्चार एक, कुळं दोन.

अष्टमीकर
आता मूळ प्रश्न. माझ्या मते 'शकुनाचे घास'. गुढीपाडव्याला कडुलिंबाची पानं गुळासोबत जेवणाआधी खातात, त्यांना कोणी स्टार्टर म्हणत नाही. जात तीच.

शब्दवेल्हाळ
माझंही मत शकुनालाच. 'चिन्ह' कोरडं, 'खूण' अपुरी. शकुनात पुढच्या वर्षाकडे पाहणं आहे. घास म्हटल्यावर थोडं खायचं हेही कळतं.

ठाणेकरीण
मावशींना वाचून दाखवलं. 'दरफाळणी' ऐकल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझी आई म्हणायची." मथळा ठरला: 'नव्याचा सण, शकुनाचे घास'. चवळीच्या चिठ्ठीवर लिहिलंय: 'रुबिया. आमची पुण्यं वाढोत.' खजुराच्या: 'तमर. वैर संपो.' तिथे मूळात वैरी आहेत हे मला ठाऊक आहे, पण 'वैर' लिही असं मावशींनीच सांगितलं, आणि घर त्यांचं आहे. माशाचं डोकंही असणार आहे, त्यावर 'शेपूट नव्हे, शीर होऊ'.

एकच चिठ्ठी कोरी राहिलीय. करतीला मराठीत काय लिहू? बाजारात लीक मिळाली नाही म्हणून मावशी पातीचा कांदा घेणार आहेत. 'करती (पातीचा कांदा)' लिहिलं तर चुकेल का?

मेथीदाणा
मुळीच नाही. मेरनची गाजरं आठवा. लिहा बिनधास्त.