मदत हवी आहे : माहेरच्या आडनावावरून वर्गमैत्रिणी शोधायच्या कशा?

सांगलीच्या विलिंग्डनमधून आम्ही १९८१ साली केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो. आता सगळे पेन्शनीत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर २३ जण जमलेत, ११ सापडत नाहीत. त्यात ८ मुली (मुली म्हणजे आता आज्याच!), कारण माझ्याकडे फक्त माहेरची आडनावं. ग्रुप फोटोच्या मागे पेनानं नावं लिहिली होती, पण ओल लागून शाई फुटलीय. दोन तर वाचताच येत नाहीत. फेसबुक पालथं घातलं. विश्रामबागेतल्या जुन्या घरमालकांना विचारलं, तिथं आता अपार्टमेंट झालीत. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो, तर रांगेत दोघं भेटले, तेवढंच.

कुणाचा नंबर इथं टाकू नका, आधी त्यांना विचारा. सासरचं आडनाव, गाव काहीच ठाऊक नसताना कुणी अशी माणसं शोधलीत का? सुरुवात कुठून केलीत?