गोंगाटात आपलंच नाव बरोबर कसं ऐकू येतं?

प्रश्न: साखरपुड्याच्या हॉलमध्ये कानठळ्या बसत होत्या. मी मावशीशी बोलत होते, मागच्या टेबलावरचं एक अक्षर कळत नव्हतं. तिथे कुणीतरी "आपली वैशाली" म्हणालं आणि माझी मान गर्रकन वळली. ऐकतच नव्हते, तर नाव कसं पकडलं?

उत्तर १: शास्त्रज्ञ कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये लोकांच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर सोडले, एका कानातला मोठ्यानं म्हणत जायचा. दुसऱ्या कानात इंग्रजीचं जर्मन झालं तरी पत्ता नाही! पुरुषाऐवजी बाई बोलू लागली की मात्र कळायचं.

उत्तर २: नाव सगळ्यांना ऐकू येत नाही हं. नेव्हिल मोरे यांच्या १९५९ च्या अशाच प्रयोगात दुर्लक्षित कानातलं स्वतःचं नाव साधारण एकतृतीयांश लोकांनाच आलं. मला मानसशास्त्रज्ञ ॲन ट्रीझमन यांचं म्हणणं पटतं: दुर्लक्षित आवाज बंद होत नाही, मंद होतो. स्वतःच्या नावाला तेवढंही पुरतं.

वैशाली: म्हणजे ज्यांचं लक्ष पक्कं, त्यांना नाव कमी ऐकू येत असेल?

उत्तर २: अगदी! २००१ च्या प्रयोगात कार्यकारी स्मृती (हातातल्या कामाची माहिती मनात धरून त्यावर लक्ष टिकवण्याची क्षमता) कमी असलेल्या ६५ टक्के लोकांनी नाव टिपलं, जास्त असलेल्यांपैकी फक्त २० टक्क्यांनी.